शेवटच्या कॅपवरच्या रेघा

निरोप आला तेव्हा मिस्त्री एका टॅक्सीखाली उताणा पडून गिअरबॉक्सशी हुज्जत घालत होता. शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एका बाईंचा बंगला आहे, त्यांच्याकडे जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, इंजिन नॉक करतंय, येऊन बघा आणि खर्चाचा अंदाज सांगा, एवढाच निरोप. रोजचंच काम. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि मिस्त्री तसा घाबरणाऱ्यांतला नव्हताच. त्याला धास्ती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती गोष्ट त्या क्षणी बाहेर स्टुलावर बसून, चहाचा कप गुडघ्यावर ठेवून, शीळ घालत होती.

तो त्याचा धाकटा भाऊ. एका जागी म्हणून ठरायचा नाही, म्हणून आई त्याला भोवरा म्हणायची, आणि मग सगळेच म्हणायला लागले. दोघा भावांच्या वयात इतकं अंतर होतं की नवं गिऱ्हाईक त्यांना बापलेक समजायचं. ‘मध्ये कुणी झालं नाही का हो?’ असं एखाद्या शेजारणीनं विचारलं, की आई थोडा वेळ आठवल्यासारखं करायची आणि मग ‘नाही’ म्हणायची. बाबा गेल्यानंतर थोरल्यानंच त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं, पाना धरायला शिकवलं, चुकला तेव्हा चापटही मारली. आता भोवऱ्याला बोटीवर इंजिनखोलीत नोकरी चालून आली होती. हो म्हणायचं की नाही, हे त्याला आठवडाभरात कळवायचं होतं. मिस्त्रीला वाटत होतं, जाऊ नये त्यानं. पण ‘जाऊ नकोस’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघतील तर तो मिस्त्री कसला! त्याला वाटलं, टॅक्सीच्या ब्रेकांपेक्षा चांगलं, जीव रमेल असं एखादं काम हाती आलं तर पोरगं आपसूक थांबेल.

म्हणून निरोप ऐकताच तो टॅक्सीखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “चल रे. स्पोर्ट्स कार आहे म्हणे.”

भोवऱ्याच्या हातातला कप तिथंच राहिला.

बंगला साधा होता. पांढऱ्या भिंती, दार उघडं, आवारात कापलेलं गवत. बाई पायरीवर उभ्या होत्या. वय झालेलं, पण पाठ ताठ, केस नीट बांधलेले. मिस्त्रीकडे पाहून त्या ओळखीचं हसल्या.

“या मिस्त्री. अजिबात बदलला नाहीत.”

“आपण... आधी भेटलोय का?”

“गाडी मागच्या शेडमध्ये आहे,” बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

भोवरा कानाशी आला. “बाबांना ओळखत असणार. तू अगदी त्यांच्यासारखा दिसतोस दादा. फक्त ते मधूनअधून हसायचे.”

शेडचं दार सरकवलं आणि आतला वास अंगावर आला. तेलाचा होता, गंजाचा होता, पण त्याखाली आणखी एक होता. बरीच माणसं दारं-खिडक्या लावून झोपून उठली की खोलीला येतो तसला कोंदट, ऊबदार वास. मधोमध गाडी होती. गर्द हिरवी, जमिनीला चिकटलेली, लांब नाकाची. चालवणाऱ्याच्या सीटचं चामडं झिजून पातळ झालं होतं आणि शेजारची सीट मात्र कालच बसवल्यासारखी कोरी. भोवरा तिच्याभोवती फिरू लागला. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. शीळही बंद झाली होती, म्हणजे पोरगं खरोखरच भुललं होतं.

“काम इथंच करावं लागेल,” बाई म्हणाल्या. “गाडी दुसरीकडे नेलेली मला चालत नाही.”

मिस्त्री तोंडातल्या तोंडात पुटपुटला. गिऱ्हाइकाच्या घरी इंजिन खोलायचं म्हणजे निम्मा वेळ हत्यारं ने-आण करण्यात जातो. पण शेडमध्ये बघावं तर सगळं तयार. वरच्या तुळईला इंजिन उचलायचा साखळदंड, खाली मजबूत टेबल, टेबलाला सुटे भाग आवळून धरायची पकड बसवलेली. ती पकड डाव्या टोकाला होती.

“बघ की,” भोवरा हसला. “दुनियेत कुणी डावखुऱ्याचा विचार करत नाही म्हणून रडतोस ना? हे तुझ्यासाठीच बसवलंय.”

मिस्त्रीनं पकडीचा दांडा डाव्या हातानं फिरवून पाहिला. त्याच्या मापाला बरोबर बसला.

इंजिन चालू केलं. आवाज गोड होता, पण त्या गोडव्याच्या आत खोलवर ठकठक होती. मिस्त्रीची तपासायची रीत जुनी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. मग एकेका प्लगची वायर काढायची. ज्या सिलिंडरचं बेअरिंग गेलेलं असेल त्याची वायर काढली की ठकठक कमी होते. त्यानं पहिली वायर काढली. ठकठक थांबली. ‘सापडलं,’ असं म्हणेपर्यंत ती दुसऱ्या सिलिंडरमधून सुरू झाली. दुसरी काढली, तर तिसऱ्यातून. एका दारावर कुणी ओ देत नाही म्हणून माणूस पुढच्या दारावर जातो, तशी.

असं कोणतंही इंजिन करत नाही. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर कानावरून काढला, पुसला, परत लावला.

“काय दादा?”

“सगळीच बेअरिंगं गेलीत,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तेल काढून बघितलं. त्यात सोनेरी चमक होती, म्हणजे बेअरिंगचा धातू झिजून तेलात उतरलेला. आता मिस्त्री पुन्हा ओळखीच्या जमिनीवर आला. तो कधीही नुसत्या आवाजावरून किंमत सांगायचा नाही. तो खर्चाचे तीन भाग करायचा. एक दिसणारं काम, एक खोलल्यावर निघेल ते काम, आणि एक न दिसणारं, ज्याच्यासाठी हातचं राखून ठेवायचं. हेड खोलावं लागेल, इंजिन खाली उतरवावं लागेल, क्रँकचा दांडा घासून आणावा लागेल, बेअरिंगं त्या मापाची शोधावी लागतील, रिंगा आणि गॅस्केट नवी. नुसती बेअरिंगं बदलून वेळ मारून नेता येईल, पण वर्षभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या होईल. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घासाघीस नाही, कुरकुर नाही. मिस्त्रीला हे आवडलं नाही. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक एकतर फार श्रीमंत असतं, नाहीतर त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

“आणि न दिसणाऱ्याचं काय धरलंत?” बाईंनी विचारलं.

“ते उघडल्यावर कळेल.”

“मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणालात,” बाई म्हणाल्या. त्यात ना दोष होता ना थट्टा. “कधी सुरू करताय?”

घरी परतताना मिस्त्रीच्या मनात हे वाक्य टोचत राहिलं. पण मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून भोवरा त्याच्या कानात ओरडत होता. “दादा, ते बोटीचं राहू दे रे. असली गाडी सोडून कोण जाणार? मी उद्याच नाही म्हणून कळवतो!” आणि मिस्त्रीनं टोचणारं वाक्य उचललं आणि मनाच्या पार मागच्या कोपऱ्यात टाकून दिलं. हेल्मेटच्या आत तो चक्क हसत होता. बाबांसारखा.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. इंजिन साखळदंडाला टांगून वर घेतलं, उलटं करून टेबलावर ठेवलं, खालचा तेलाचा तवा काढला. भोवरा हेड साफ करायला अंगणात बसला होता, त्याची शीळ दारातून आत येत होती. मिस्त्री बेअरिंगं जागेवर दाबून धरणाऱ्या कॅपांचे बोल्ट सैल करू लागला.

इथं त्याच्या आणखी एका सवयीबद्दल सांगायला हवं. इंजिनातली प्रत्येक कॅप आपल्याच जागी परत बसली पाहिजे, म्हणून सगळेच कारागीर कॅपवर पंचानं ठिपके मारतात. पहिलीला एक, दुसरीला दोन, असे. मिस्त्री त्याशिवाय शेवटच्या कॅपच्या कडेला छिन्नीनं एक तिरकी रेघ मारायचा. एकदा इंजिन उघडलं की एक रेघ. पुढे कधी तीच गाडी परत आली तर आपण कितव्यांदा हात घालतोय ते कळतं. ही युक्ती त्याची स्वतःची. बाबा करत नसत, दुसरं कुणी करताना त्यानं पाहिलं नव्हतं. शिवाय डावखुऱ्याची हातोडी दुसऱ्या बाजूनं पडते, त्यामुळे रेघ उलटीकडे कलते आणि तिच्या एका अंगाला धातूची बारीकशी कडा उभी राहते. स्वतःच्या सहीसारखी ती त्याला अंधारातसुद्धा बोटानं ओळखता आली असती.

त्यानं शेवटची कॅप काढली, फडक्यानं पुसली आणि अंगठा कडेवर फिरवला.

अंगठा अडखळला.

त्यानं कॅप उजेडात धरली. तिरकी रेघ होती. तिच्या शेजारी दुसरी होती. तिच्या शेजारी आणखी. ओळीनं, सारख्या अंतरावर, सगळ्या उलटीकडे कललेल्या. सर्वांत जुनी काळी पडली होती, मग पुढची थोडी कमी काळी. प्रत्येकीच्या डाव्या अंगाला धातूची बारीकशी कडा.

मिस्त्रीनं रेघा पुन्हा अंगठ्यानं चाचपल्या. तो आयुष्यात या शेडमध्ये आला नव्हता. ही गाडी त्यानं कधी पाहिली नव्हती. पाहिली असती तर असली गाडी कारागीर विसरतो होय?

‘दुसरा कुणी डावखुरा असेल,’ तो स्वतःला म्हणाला. ‘जगात मी एकटाच आहे का?’ म्हणाला खरं, पण हात ऐकेना. हाताला ओळख पटली होती. आणि मग घडलं ते असं की तो विचारात असतानाच त्याच्या डाव्या हातानं सवयीनं हातोडी उचलली, उजव्यानं छिन्नी टेकवली, आणि टक्. नवी रेघ जुन्या रेघांच्या शेजारी जाऊन बसली. चमकत नसती तर कोणती नवी आणि कोणती जुनी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“काय झालं रे?” दारात भोवरा उभा होता. हात तेलानं काळे, नाकावरही डाग. “पांढरा पडलायस.”

इथंच सांगायला हवं होतं. ‘आवर, घरी चल, हे काम आपलं नाही,’ एवढं म्हणायचं होतं. पण सकाळीच भोवऱ्यानं बोटवाल्यांना नाही म्हणून कळवून टाकलं होतं, आणि ते ऐकून आई किती दिवसांनी जेवताना बोलली होती. गाडी सोडली तर पोरगं परत बोटीच्या वाटेला लागणार. मिस्त्रीनं कॅप फडक्यात गुंडाळली.

“काही नाही. कंबर धरली,” तो म्हणाला.

“म्हातारा झालास,” भोवरा म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला.

पुढचे दिवस कामात गेले. क्रँक घासून देणारा म्हणाला की हा याआधी पुष्कळदा घासलेला दिसतो, आता आणखी फार घासायला जागा उरली नाही. बेअरिंगं मिळाली. मिस्त्रीनं एकेक भाग हातानं बसवला, कुणाला हात लावू दिला नाही. बाई रोज दुपारी दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मिस्त्रीकडे त्या बघायच्या नाहीत. त्या भोवऱ्याकडे बघायच्या. एकदा त्यांनी त्याला विचारलं, “तुला वेग आवडतो का रे?” आणि तो हसून म्हणाला, “वेग कुणाला आवडत नाही, बाई?” त्यांनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या. त्या दिवशी शेडमधला तो कोंदट वास जरा वाढल्यासारखा वाटला.

ट्रायलचा दिवस उजाडला. शेवटचे बोल्ट आवळेपर्यंत संध्याकाळ होत आली, पण ऊन स्वच्छ होतं. इंजिन पहिल्याच फटक्यात चालू झालं, आणि मिस्त्रीनं कान लावला तर ठकठक नाही. लोण्यासारखा आवाज. भोवऱ्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.

बाबांच्या वेळेपासून त्यांच्या गॅरेजचा एक कायदा होता. ज्यानं इंजिन बांधलं त्यानं पहिली ट्रायल घ्यायची नाही. बांधणाऱ्याचा कान स्वतःच्या कामावर लाडावलेला असतो, त्याला खोट ऐकू येत नाही. ट्रायल दुसऱ्यानं घ्यायची.

मिस्त्रीनं किल्ली दिली नाही.

“आज मी नेतो,” तो म्हणाला.

“अरे! बाबांचा कायदा मोडतोस? तू?”

“एकदा मोडला तर आभाळ कोसळत नाही.”

“मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात,” मागून बाईंचा आवाज आला. “पण मग दिलीत किल्ली.”

मिस्त्री गर्रकन वळला. “मागच्या वेळी म्हणजे कधी? बाई, मी इथं कधी आलो होतो? सांगा ना!” आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

बाई त्याच्या खांद्यावरून भोवऱ्याकडे बघत होत्या. आणि वळलेल्या मिस्त्रीच्या सैल पडलेल्या मुठीतून भोवऱ्यानं किल्ली अलगद काढून घेतली, लहानपणी खाऊ पळवायचा तशीच. उडी मारून तो सीटवर बसला.

“थांब! मी पण येतो...” मिस्त्री दुसऱ्या दाराकडे धावला. कडी खेचली. दार उघडेना. आतून कुणी ओढून धरल्यासारखं ते घट्ट होतं.

“टेकडीला एक फेरी मारून आलोच, दादा!” भोवरा हसला आणि गाडी फाटकातून सुटली.

रस्ता टेकडीला वळसा घालून पुन्हा बंगल्यासमोर यायचा. मिस्त्री फाटकात उभा राहिला. आवाज डावीकडून लांब गेला, टेकडीमागे दबला, मग उजवीकडून बारीकसा यायला लागला. यायला लागला... आणि तिथंच थांबला. बंद पडला नाही. उभ्या गाडीचं इंजिन चालू असतं तसा, एका सुरात, येत राहिला.

मिस्त्री पळत सुटला.

गाडी टेकडीच्या वळणावर रस्त्याच्या कडेला उभी होती, बंगल्याकडे तोंड करून. हँडब्रेक ओढलेला, दोन्ही दारं लावलेली, काचा खाली. आत कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना घोट्याएवढं गवत, एक झाड नाही, एक दगड नाही, ससा लपेल एवढीही जागा नाही. तो ओरडला. “भोवऱ्या! ए भोवऱ्या! पुरे झाला चावटपणा...” टेकडीनं त्याचाच आवाज त्याला परत दिला. त्यानं ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवला. ती गरम होती. मग, का कोण जाणे, त्यानं शेजारच्या त्या कोऱ्या सीटवर हात ठेवला.

तीही गरम होती.

तो पुढे आला आणि दुसरं काही सुचेना म्हणून जन्मभर जे करत आला तेच त्यानं केलं. बॉनेटवर कान टेकवला. इंजिन सुरेख चालत होतं. कुठं ठकठक नाही. आणि त्या गुळगुळीत आवाजाच्या तळाशी, अगदी खोल, कुणीतरी शीळ घालत होतं.

मिस्त्रीनं आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

शीळ लगेच थांबली नाही.

हत्यारं! हत्यारं हवीत, उघडायला हवं, तवा काढायला हवा, कॅपा काढायला हव्यात... तो बंगल्याकडे परत धावला. ऊर फुटायची वेळ आली होती. बाई फाटकाशीच होत्या.

“कुठं निघालात, मिस्त्री?”

“हत्यारं... इंजिन उघडायचंय... माझा भाऊ...”

“आजच तर बांधून दिलंत.” त्यांनी त्याच्या दंडाला धरलं. हात मऊ होता, आईचा असावा तसा. “मागच्या वेळीही तुम्ही असेच हत्यारांसाठी धावत आलात. शेडमध्ये गेलात, पाना हातात घेतलात आणि बराच वेळ उभे राहिलात. मग मला म्हणालात, बाई, मी हा कशासाठी उचलला?”

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला.

“कोण... होतं मागच्या वेळी? माझ्याबरोबर?”

“ते मी कसं सांगू? तुमचं माणूस होतं,” बाई म्हणाल्या. “घरी जा. दुसऱ्या दिवशी हत्यारं न्यायला आलात तेव्हा छान हसत होतात. आता बरीच वर्षं आवाज येणार नाही.”

मिस्त्रीनं शेडकडे पाहिलं. आत टेबलावर त्याचे पाने ओळीनं मांडलेले दिसत होते. पाऊल उचललं, आणि थांबवलं. पाना उचलला आणि विसरलो तर? आपण विसरलो तर त्याला शोधायला कोण येणार? आपल्याशिवाय आणखी कुणीतरी त्याला लक्षात ठेवणारं हवं, आधी ते हवं, मग पाना. आई! जग इकडचं तिकडे झालं तरी आई विसरणार नाही. पोटचं पोर कुणी विसरतं का? तिला घेऊन येऊ, ती हाक मारत राहील, आपण इंजिन खोलू.

मोटारसायकल त्यानं कशी हाणली ते त्यालाच ठाऊक. मागची सीट हलकी होती आणि वळणावर गाडी उडत होती. वाटभर तो मोठ्यानं बोलत राहिला. “भोवरा. माझा भाऊ. चहा गुडघ्यावर ठेवून पितो. सारखी शीळ घालतो. मला म्हातारा म्हणतो.” सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. बघू दे.

घरी दिवा लागला होता. आई खिडकीशी बसून शिवत होती. मांडीवर निळा शर्ट होता, तेलाच्या डागांचा, मिस्त्रीच्या अंगात कधीच शिरला नसता असला सडपातळ.

“आलास? हात धू. वाढते.”

“आई...” तो तिच्या पायाशी मटकन बसला. “आई, भोवरा... भोवरा हरवला गं.”

आईनं सुई थांबवली. “कोण?”

“भोवरा! तुझा धाकटा!”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या कपाळाला हात लावला. “माझा तू एकटाच की रे. काय झालं तुला? उन्हात फिरलास का?”

मिस्त्री रडू लागला. बाबा गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. “त्याचाच शर्ट शिवते आहेस तू! तुझ्या मांडीवर आहे तो!”

आई शर्टाकडे बघत राहिली. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला. तिचे डोळे भरून आले, आणि का भरले हे न कळून ती अस्वस्थ झाली. “बटण तुटलेलं दिसलं म्हणून घेतला हाती,” ती हळूच म्हणाली. “सांग बरं मला. कसा आहे तो? सांग.”

“हसरा आहे,” मिस्त्री घाईघाईनं सांगू लागला. “एका जागी ठरत नाही. सारखा... सारखा शीळ घालतो. बोटीवर जाणार होता, मी जाऊ दिला नाही. मी त्याला खांद्यावर घेऊन फिरायचो, आणि तो माझे केस धरायचा, घट्ट, आणि...”

“आणि?”

“आणि...”

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. मिस्त्रीनं डोळे पुसले. हात ओला का झाला, ते त्याला कळेना.

“आणि काय?” आईनं विचारलं.

“कुणाबद्दल बोलत होतो गं मी?”

आई त्याच्याकडे बघत राहिली. “मलाही नीट कळलं नाही,” ती म्हणाली. “दमलायस तू. काम झालं का त्या बाईंचं?”

“झालं. सुरेख झालं,” मिस्त्री म्हणाला आणि हसला. “लोण्यासारखं चालतंय इंजिन. उद्या जाऊन हत्यारं घेऊन येतो.”

आईनं बटणाचा शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि शर्टाची नीट घडी घातली. ती उठली आणि तिनं कपाटाचा खालचा खण ओढला. खण कपड्यांनी गच्च भरला होता. कॉलर झिजलेला पांढरा शर्ट होता, एका बुटक्या माणसाची पँट होती, आणि सगळ्यांत वर, कोपरावर रफू केलेला, एका मुलीचा लाल स्वेटर. तिनं निळा शर्ट त्यावर ठेवला आणि तळव्यानं दाबून जागा केली.

“हे सगळे कुणाचे गं?” मिस्त्रीनं विचारलं.

“काय माहीत,” आई म्हणाली. खण बंद करायचं सोडून ती स्वेटरच्या रफूवरून बोट फिरवत राहिली. “पण टाका माझाच आहे.”